शहरांची सार्वजनिक वाहतूक आणि तिचे मोजमाप

एखादे शहर आपल्या रहिवाशांची ने-आण कशी करते, हे त्या शहराच्या चौकात घटकाभर उभे राहिले तरी दिसते. परंतु ती ने-आण आणखी तीस-चाळीस वर्षे याच रीतीने चालविता येईल किंवा नाही, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी मोजावे लागते. आणि मोजावयाचे म्हटले की काय मोजावयाचे, कसे मोजावयाचे व आलेल्या आकड्याला कशाने भागावयाचे, असे प्रश्न उभे राहतात. यांपैकी शेवटचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण नगरवाहतुकीविषयीच्या बहुतेक मतभेदांचे मूळ तेथेच आहे. भाज्य तेच ठेवून भाजक बदलला की निष्कर्ष उलटा होऊ शकतो. तो कसा, हे काही उदाहरणांनी येथे पाहू.

प्रथम 'शाश्वत' या शब्दाचा अर्थ. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण व विकास आयोगाने १९८७ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड या त्या आयोगाच्या अध्यक्षा होत्या. पुढील पिढ्यांना आपल्या गरजा भागविता येतील, ही शक्यता नष्ट न करता आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, असा शाश्वत विकासाचा अर्थ या अहवालाने रूढ केला. वाहतुकीला हा विचार लावला म्हणजे तीन निरनिराळी खाती तपासावी लागतात. इंधन व हवा हे पहिले, पैसा हे दुसरे, आणि ज्यांच्यासाठी ही सारी व्यवस्था आहे त्या माणसांचे खाते तिसरे. तिसऱ्या खात्यातील नोंदी सर्वांत कठीण असतात. म्हणून बहुधा त्या केल्याच जात नाहीत.

एक लिटर डिझेलचा हिशेब

डिझेलचे एक लिटर तेल जळले की सुमारे २.६ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. एका लिटर तेलाचे वजन एक किलोग्रॅमहूनही कमी असते; मग त्यातून अडीच किलोग्रॅमहून अधिक वायू येतो कोठून, अशी शंका विद्यार्थ्यांच्या मनात येईल. तिचे उत्तर असे की, तेलातून येतो तो केवळ कार्बन. त्याच्याशी संयोग पावणारा ऑक्सिजन हवेतून येतो, आणि तयार होणाऱ्या वायूच्या वजनातील मोठा भाग या ऑक्सिजनचाच असतो.

आता शहरातील एक डिझेल बस एका लिटरला चार किलोमीटर धावते असे धरू. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला सुमारे ६६० ग्रॅम वायू हवेत मिसळतो. पेट्रोलची मोटारगाडी लिटरला पंधरा किलोमीटर धावत असेल तर तिचा आकडा सुमारे १५३ ग्रॅम येतो, आणि लिटरला पन्नास किलोमीटर धावणाऱ्या मोटारसायकलीचा अवघा ४६ ग्रॅम. वाहन हाच भाजक मानला तर बस ही सर्वांत मोठी दोषी ठरते. रस्त्यावरच्या माणसाची समजूतही साधारणतः अशीच असते, कारण काळा धूर सोडणारी बस त्याला दिसते. तिच्या पाठीमागे उभ्या असलेल्या चाळीस मोटारींचा धूर मात्र एकत्र दिसत नाही.

परंतु वाहने हलविणे हा वाहतुकीचा हेतू नव्हे. हेतू माणसे हलविणे हा आहे. भारत सरकारने २००६ साली राष्ट्रीय नगरवाहतूक धोरण जाहीर केले, त्यातही याच तत्त्वावर भर दिलेला आहे. म्हणून एक प्रवासी एक किलोमीटर गेला की एक 'प्रवासी-किलोमीटर' झाला, असे एकक शास्त्रज्ञ वापरतात. या एककाने वरील बस मोजली, तर चाळीस प्रवासी असताना प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १६ ग्रॅम येतात. एकट्या माणसाने चालविलेल्या मोटारगाडीच्या मानाने हे सुमारे एकनवमांश झाले. निष्कर्ष पूर्णपणे उलटला.

येथेच थांबले तर मात्र फसगत होण्याचा संभव आहे. त्याच बसमध्ये सहाच प्रवासी असले तर प्रत्येकाच्या वाट्याला ११० ग्रॅम येतात, म्हणजे मोटारसायकलस्वाराच्या दुपटीहून अधिक. या उदाहरणातील बसने एकट्या मोटारसायकलस्वाराची बरोबरी करावयाची असेल तर तिच्यात निदान पंधरा माणसे पाहिजेत; एकट्या मोटारवाल्याशी बरोबरी करण्यास पाच पुरतात. बस ही बस असल्यामुळे श्रेष्ठ ठरत नाही, भरल्यामुळे ठरते. राज्य परिवहनाच्या भाषेत याला 'भारमान' म्हणतात. सकाळी शहराच्या मध्याकडे खचाखच भरून गेलेली बस परत येताना निम्मीअधिक रिकामी असते, आणि आगारातून पहिल्या थांब्यापर्यंतची तिची धाव तर पूर्णच रिकामी असते. खरे भारमान काढताना हे सर्व हिशेबात धरावे लागते. गर्दीच्या वेळचे एखादे छायाचित्र पुरत नाही.

भारमान वाढत गेले की प्रत्येक प्रवाशामागचा खर्च व धूर कमी कमी होत जातो, हे आता स्पष्ट झाले. तर मग भारमान जितके अधिक तितके चांगले असे म्हणावे काय? याचे उत्तर मुंबईच्या उपनगरी आगगाड्यांकडे पाहिल्यावर मिळते. भारतातील विजेवरची पहिली आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईतच धावली, आणि आज या गाड्या रोज सत्तर लाखांच्या आसपास प्रवासी वाहून नेतात. बारा डब्यांच्या गाडीत बसावयाच्या जागा सुमारे बाराशे. गर्दीच्या वेळी तिच्यात साडेचार हजारांहून अधिक माणसे असतात. प्रत्येक प्रवाशामागे लागणारी वीज काढली तर जगातील फार थोड्या व्यवस्था तिच्या जवळपास येतील. परंतु २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर मृत्यू पावलेल्यांची संख्या प्रत्येकी दोन हजारांहून अधिक होती. यांतील बरेचसे रूळ ओलांडताना गेले, आणि अनेकजण धावत्या गाडीतून पडून गेले. दाराशी लोंबकळणारा माणूस विजेच्या हिशेबात प्रवासी-किलोमीटरची भर घालतो आणि आकडा सुधारतो. ज्या मापात गुदमरणे हा गुण ठरतो, ते माप एकट्याने वापरण्याजोगे नाही. म्हणून भारमानाच्या शेजारी गर्दीची मर्यादा, म्हणजे उभ्या प्रवाशांना दर चौरस मीटरला किती जागा मिळते ती, आणि अपघाती मृत्यूंची संख्या, हे दोन्ही आकडे मांडले पाहिजेत.

रस्ता, धूर आणि वीज

इंधनाप्रमाणे रस्ता हाही मर्यादित साठा आहे, हे लवकर लक्षात येत नाही. साडेतीन मीटर रुंदीच्या एका पट्टीतून, वाटेत चौक असताना, तासाला आठशे मोटारी जातात असे धरले आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस मानला, तर बाराशे माणसे पुढे सरकतात. त्याच पट्टीतून दर मिनिटाला एक बस सोडली आणि प्रत्येकीत पन्नास माणसे असली, तर तासाला तीन हजार माणसे जातात. शिवाय पट्टी बराच वेळ मोकळी दिसते. ती मोकळी दिसते म्हणूनच मोटारवाल्यांना राखीव पट्टीचा राग येतो. ब्राझीलमधील कुरिचिबा शहराने १९७४ साली बससाठी राखीव मार्ग सुरू केला. कोलंबियातील बोगोता शहराने २००० साली आणि अहमदाबादने २००९ साली तोच मार्ग धरला. भाजक म्हणून रस्त्याची रुंदी घेतली की या योजनांमागचा विचार ध्यानात येतो.

धुराच्या बाबतीत आणखी एक घोटाळा टाळला पाहिजे. पृथ्वीचे तापमान वाढविणारा वायू आणि फुप्फुसात जाणारी काजळी या दोन भिन्न वस्तू आहेत. एक कमी केल्याने दुसरी कमी होतेच असे नाही. दिल्लीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिलेल्या आदेशानुसार त्या शहरातील सर्व बसगाड्या दाबाखालील नैसर्गिक वायूवर चालविण्याचे ठरले, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर २००२ सालच्या अखेरीस हे काम पुरे झाले. बसच्या मागे उठणारे काजळीचे लोट थांबले, हा लाभ निःसंशय मोठा होता. परंतु नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो न जळता गळाला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे तीसपट उष्णता अडवितो. म्हणून काजळीच्या खात्यात जमा झालेला लाभ हवामानाच्या खात्यात तितकाच जमा होत नाही. शिवाय पुढील दशकांत दिल्लीतील खाजगी वाहने इतकी वाढली की बसने वाचविलेली हवा त्यांनी वापरून टाकली. बसचे इंधन मोजले गेले. बस सोडून गेलेला प्रवासी मोजला गेला नाही.

विजेवरच्या बसला हेच लागू आहे. अशी बस किलोमीटरला साधारणतः एक ते सव्वा युनिट वीज घेते, आणि भारतातील विद्युत्‌जालातील एका युनिटामागे आज सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशापासून होते. म्हणजे वायूचा आकडा डिझेल बसच्या आकड्याच्या आसपासच राहतो. फक्त तो रस्त्यावरून वीजकेंद्राच्या धुराड्याकडे जातो. थांब्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या दृष्टीने हा फरक अर्थातच फार मोठा आहे. हवामानाच्या दृष्टीने लाभ होतो तो वीज स्वच्छ होत जाईल त्या प्रमाणात. दिल्ली मेट्रोने २०१९ पासून मध्य प्रदेशातील रीवा येथील सौर केंद्राची वीज घेण्यास आरंभ केला तो याच हेतूने. त्या रेल्वेत गाडी थांबताना तिच्या गतीपासून पुन्हा वीज निर्माण करून ती तारेत परत सोडण्याची सोयही आहे.

तूट कशाला म्हणावे?

आता पैशाकडे वळू. नगरवाहतूक तोट्यात चालते, हे वाक्य वर्तमानपत्रांत वारंवार येते. उपक्रमाचा एकूण खर्च आणि तिकिटांचे उत्पन्न यांतील अंतर म्हणजे तूट. तिला धावलेल्या किलोमीटरांनी भागले की दर किलोमीटरमागची तूट निघते. हे माप हाती घेतलेल्या अधिकाऱ्याला एकच उपाय सुचतो, तो म्हणजे कमी धावणे. कमी भारमानाच्या फेऱ्या बंद होतात. फेऱ्या विरळ झाल्या की प्रवासी कंटाळून मोटारसायकल घेतो. उरलेल्या फेऱ्यांचे भारमानही मग घसरते आणि पुढच्या वर्षी त्याही बंद करण्याजोग्या दिसू लागतात. प्रत्येक वर्षीचा निर्णय हिशेबाला धरूनच असतो, आणि दहा वर्षांनी त्या मार्गावर बसच उरत नाही.

तुटीला प्रवाशांच्या संख्येने भागले तर निराळे चित्र दिसते. मुंबईच्या 'बेस्ट' उपक्रमाने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले तेव्हा प्रवासी झपाट्याने वाढले. प्रवासी वाढले तरी एकूण तूट राहिलीच, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे साध्या बससाठी दहा व वातानुकूलित बससाठी बारा रुपये करण्यात आले. यांपैकी कोणता निर्णय बरोबर, हे तुटीचा आकडा एकटा सांगू शकत नाही. प्रस्तुत लेखकाला एवढेच म्हणावेसे वाटते की, उड्डाणपुलावर झालेल्या खर्चाला कोणी तूट म्हणत नाही. त्यावरून तिकीट न काढता जाणाऱ्या मोटारीचा तोटा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. एकाच शहराच्या दोन खर्चांना दोन निरनिराळी नावे दिली म्हणजे तुलना अशक्य होते.

ज्यांची नोंद होत नाही ते

आतापर्यंतचे सारे भाजक वाहनात चढलेल्या माणसांचे होते. जो चढूच शकला नाही त्याचे काय? संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या ध्येयांमध्ये अकरावे ध्येय शहरांविषयीचे आहे. त्यात सार्वजनिक वाहतूक सोयीने मिळू शकणाऱ्या लोकांचे एकूण लोकसंख्येशी प्रमाण हे माप सांगितलेले असून, ते स्त्री-पुरुष, वय व अपंगत्व यांनुसार वेगळे काढावे असेही म्हटले आहे. येथे भाजक प्रवासी नसून सर्व नागरिक आहेत, हे या मापाचे वैशिष्ट्य होय. सोय म्हणजे काय, तर बसचा थांबा पायी पाचशे मीटरच्या आत, किंवा रेल्वेसारख्या मोठ्या वाहतुकीचे स्थानक एक किलोमीटरच्या आत.

हे अंतर नकाशावर वर्तुळ काढून मोजण्याचा मोह होतो, कारण ते सोपे असते. पण थांबा आणि घर यांच्यामध्ये नाला, लोहमार्ग किंवा उंच भिंतीची वसाहत असली तर चारशे मीटरचे अंतर चालताना सव्वा किलोमीटर होते. शिवाय थांबा जवळ असून दोन तासांनी एक बस येत असेल, तरीही वर्तुळातली माणसे 'सोय असलेली' म्हणूनच मोजली जातात. पदपथ नसलेल्या रस्त्याने काठी टेकीत जाणाऱ्या वृद्धाचे पाचशे मीटर आणि तरुण विद्यार्थ्याचे पाचशे मीटर हे भूमितीत समान असले तरी प्रवासात समान नाहीत.

आपल्या देशात लोक कामावर कसे जातात हा प्रश्न २०११ सालच्या जनगणनेत विचारला गेला. शेतकरी, शेतमजूर व घरगुती उद्योगातील कामगार वगळून इतर कामगारांपुरता तो मर्यादित होता. कामासाठी घराबाहेर पडणाऱ्या या कामगारांत सर्वांत मोठा वर्ग पायी जाणाऱ्यांचा निघाला. वाहतुकीच्या योजना मात्र चाकांचा हिशेब करतात. ही गणना केवळ कामावर जाण्याची होती, हेही ध्यानात ठेवावे. मुलाला शाळेत पोचविणे, रेशन आणणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे अशा लहान व तुटक फेऱ्या, ज्या बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला येतात, तिच्यात आल्याच नाहीत. दिल्लीत ऑक्टोबर २०१९ मध्ये स्त्रियांना बसप्रवास विनामूल्य करण्यात आला, तेव्हा त्यांना गुलाबी रंगाचे तिकीट दिले जाऊ लागले. या सवलतीविषयी मते काहीही असोत, तिचा एक अनपेक्षित उपयोग झाला. बसने जाणाऱ्या स्त्रियांच्या फेऱ्या तिकिटांच्या थप्पीतून रोज मोजता येऊ लागल्या.

इतकी मापे झाल्यावर त्या सर्वांचा मिळून एकच निर्देशांक काढता येईल काय, असे कोणीही विचारील. आशिया व पॅसिफिक प्रदेशासाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने असा निर्देशांक तयार केला आहे. त्यात पायी, सायकलने व सार्वजनिक वाहनांनी होणाऱ्या प्रवासाचा वाटा, सेवेची सुलभता व विश्वसनीयता, अपघाती मृत्यू, भाड्याचा उत्पन्नावरील भार, चालविण्याचा खर्च, हवेतील धूलिकण इत्यादी दहा मापे असून प्रत्येक माप एक ते शंभर या समान पट्टीवर आणले जाते. मग त्यांची साधी सरासरी न काढता गुणोत्तर मध्य काढतात. यातील मर्म पाहण्यासारखे आहे. दोनच मापे धरू. एकात शहराला ९० गुण व दुसऱ्यात १० गुण. साधी सरासरी ५० येते आणि शहर मध्यम प्रतीचे दिसते. गुणोत्तर मध्यासाठी ९० ला १० ने गुणून वर्गमूळ घेतले की उत्तर ३० येते. एका बाबतीतील दैन्य दुसऱ्या बाबतीतील वैभवाने सहजासहजी भरून निघू नये, अशी योजना या गणितातच केलेली आहे. तरीही कोणते माप घ्यावे व कोणते वगळावे हे माणसांनीच ठरविलेले असते, म्हणून निर्देशांकासोबत मूळचे दहा आकडे मागण्याची सवय वाचकांनी ठेवावी.

या दहांपैकी विश्वसनीयता हे माप शाळेतील विद्यार्थ्यांना केवळ घड्याळ आणि वही घेऊन अजमावता येते. एखाद्या थांब्यावर उभे राहून एकाच क्रमांकाच्या बसगाड्या किती वाजता आल्या हे तासभर टिपावे. समजा, ४० मिनिटांत चार बस आल्या. त्या बरोबर दहा-दहा मिनिटांनी आल्या असत्या, तर वेळापत्रक न पाहता थांब्यावर येणाऱ्या प्रवाशाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागले असते. परंतु प्रत्यक्षात मधली अंतरे ४, १६, २ आणि १८ मिनिटांची निघाली. आता प्रत्येक अंतराचा वर्ग करावा: १६, २५६, ४ आणि ३२४. त्यांची बेरीज ६००. तिला ४० च्या दुपटीने, म्हणजे ८० ने भागले की साडेसात मिनिटे येतात. वर्ग करण्याचे कारण असे की, मोठ्या अंतरात थांब्यावर येणारी माणसे अधिक असतात आणि त्यांतील प्रत्येकाला थांबावेही अधिक लागते. अशा दीर्घ अंतरानंतर येणारी बस गच्च भरलेली असते, आणि तिच्या पाठोपाठ दोन मिनिटांनी आलेली जवळजवळ रिकामी जाते.

उपक्रमाच्या नोंदवहीत या दोन्ही परिस्थिती तंतोतंत सारख्या दिसतात. चार फेऱ्या, तेच किलोमीटर, तेच इंधन, तीच तूट. दोहोंतील अडीच मिनिटांचा फरक फक्त थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या घड्याळात असतो, आणि तो भरून काढण्यास नवी बस विकत घ्यावी लागत नाही. आगारातून व शेवटच्या थांब्यावरून गाड्या ठरल्या अंतराने सुटतात की नाहीत, यावर एका माणसाने लक्ष ठेवावे लागते.